देणंघेणं

कंपनीचा साहेब उतरला तेव्हा एदुविना किनाऱ्यावर होती,
वाकलेली, शिंपले वेचत,
म्हणजे नुसती सवयीने वाकलेली.
शिंपले दोन वर्षांपासून नव्हतेच.

मी होडी धरून उभा होतो.
त्या वर्षी चिलोएला मी जाळी सांधायचो, कंपनीच्याच पगारावर.
हे आधीच सांगून टाकतो.

खाडीत एकवीस गोल पिंजरे.
आत साल्मन, या समुद्राला परका मासा,
दाणे खातो, औषध खातो, गुदमरला की पांढरं पोट वर करतो.
पाणबुड्या ओनोफ्रे म्हणायचा,
तळाला साय धरलीय,
बोट घातलं तर वास जेवणापर्यंत येतो.
मग एका उन्हाळ्यात पाणी लाल झालं
आणि मेलेले मासे टनांनी तिच्या घरामागच्या खड्ड्यात आले.
खड्डा तात्पुरता होता.
तात्पुरता तो अजूनही आहे.

साहेबाने कागद पुढे केला.
तिने दोरा बांधलेला चष्मा लावला, मोठ्याने वाचलं:
सदर रक्कम स्वीकारल्यानंतर
उभय पक्षांत कोणतेही देणेघेणे उरणार नाही.

पुन्हा वाचलं. शेवटचं वाक्य तेवढं.

"म्हणजे?"
"म्हणजे तुम्ही मोकळ्या, बाई."
"आणि तुम्ही?"

तो पिंजऱ्यांकडे बघत राहिला.
तिने आत जाऊन चुलीतला बटाटा आणला,
जांभळा, बोटासारखा वाकडा,
तिच्या आजीच्या आजीपासून त्याच वाफ्यात लावलेला.
बटाटा गरम होता, साहेब उपाशी होता, त्याने खाल्ला.
"आता उरलं ना," ती म्हणाली,
"एक बटाटा देणं लागता तुम्ही माझं."
सही तिने केली नाही.

मग ती दारोदार गेली.
तिथे बोलावणं धाडत नाहीत, स्वतः जाऊन विनवतात.
तिरसो काइकेओ आपली बैलजोडी देतो म्हणाला,
सेनोबियाने सफरचंदाची दारू,
ज्याच्याशी बांधावरून अबोला होता
त्या लेपिओने न विचारताच दोर आणले.

घर उचललं.
खोटं नाही, घर. खिडक्यांसकट, पडद्यांसकट,
भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोसकट.
ओंडक्यांवर चढवलं, बैलांनी ओढलं,
भरतीला पाण्यात सोडलं, पिंपं बांधून,
आणि दोन होड्यांमागे ते पलीकडच्या खाडीकडे निघालं
उंबऱ्याला लाटा लावत,
पिंजऱ्यांच्या अगदी जवळून.
पिंजऱ्यावरचे पहारेकरी टोपी काढून उभे राहिले,
त्यांतला एक तिचा भाचा होता.

ते याला मिंगा म्हणतात.
आमच्याकडे शब्द आहे, मी म्हणालो, इर्जिक.
तिरसोने विचारलं, अजून करता?
मी दोर हातात घेतला आणि ओढायला लागलो.
तळहात सोलले तेव्हा बरं वाटलं.

रात्री खड्ड्यात तापलेल्या दगडांवर जेवण शिजलं.
पैसे कोणी मागितले नाहीत. वही मात्र होती.
सेनोबिया लिहीत होती: तिरसो, बैल, दोन दिवस.
एदुविनाने त्याच्या छपराला दीड दिवस दिलेला.
अर्धा उरतो.
मी म्हणालो, उद्या फेडून टाका, हिशेब मिटेल.
सगळे माझ्याकडे बघायला लागले,
जसं काही मी पाहुण्याला दार दाखवलं.
"फिटलं तर तो येईल कशाला?"
एवढंच बोलून ती बटाटे सोलू लागली.

पुढच्या थंडीत कंपनी आणखी दक्षिणेला गेली,
स्वच्छ पाण्याकडे.
पिंजरे गेले, साय राहिली.
शिंपले आले का, ते मला माहीत नाही,
माझा करार संपला होता.

निघण्याआधी वही पाहिली.
शेवटच्या पानावर साहेबाचं नाव होतं,
स्पेलिंग चुकलेलं,
आणि पुढे:
बटाटा, एक, भाजलेला.
यायचा आहे.

त्याच्याखाली माझं.